राक्षससुद्धा शब्द पाळतो

वहिनी गेल्याचं कार्ड आलं ते भर दुपारी. मी आमच्या गिरगावातल्या खोलीत तांदूळ निवडत बसले होते. कार्ड रत्नागिरीहून आमच्या चुलतभावाने लिहिलेलं, मजकूर जेमतेम चार ओळींचा. गं. भा. इंदिरावहिनी थोड्या दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन देवाघरी गेल्या, पुढचं सगळं यथासांग झालं, धावपळ करून येण्याचं कारण नाही. चुलतभाऊ भला माणूस आहे, त्याने कळवायचं ते नीट कळवलं. पण मी त्या 'गं. भा.'पाशी अडकले ती अडकलेच. ताटातले तांदूळ तसेच राहिले... रडू आलं ते नंतर, संध्याकाळी दिवा लावताना. आधी आला तो राग. कुणाचा राग, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

कारण नसलं तरी मी गेले. बोट रत्नागिरीला लागली, पडावातून धक्क्यावर उतरले आणि थेट घर गाठलं. घर आता चुलतभावाकडे आहे. ओटीवर शेजारच्या काशीकाकू बसल्या होत्या. आमच्या आळीत मयत झालं की समाचाराला येणाऱ्यांना सामोऱ्या त्याच जातात, मग घर कुणाचंही असो. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, वहिनी किती कामसू होती, सासूसासऱ्यांचं तिने किती केलं ते सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या की सगळं चांगलं होतं हो, पण त्या राजाराणीच्या कादंबऱ्यांनी तिच्या डोक्यात काय भरवलं होतं देव जाणे, नाहीतर इतकी वर्षं तिने सगळ्यांना टांगून ठेवलं नसतं. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. माझ्या वहिनीला उभ्या आळीने वेडी ठरवली होती, आणि वेडाचं कारण काय, तर कादंबऱ्या. मेलेल्या माणसाच्या ओटीवर भांडू नये म्हणून मी तेव्हा जीभ चावली. आता मुंबईला परत आल्यावर ती चावून धरायचं काही कारण उरलेलं नाही.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि मी असेन सात-आठ वर्षांची. तिचं माहेर हेदवीचं. वडील शाळामास्तर, त्यांनी मुलीला वाचायला शिकवलं होतं, आणि लग्न ठरवताना ही गोष्ट म्हणे मुद्दाम दडवून ठेवली होती. ती उघडकीला आली माझ्यामुळे. माझे वडील, म्हणजे अण्णा, कोर्टात कारकून. गावातल्या वाचनालयाचे ते वर्गणीदार होते आणि त्यांचं पुस्तक बदलून आणायचं काम माझ्याकडे होतं. अण्णा वाचायचे चरित्रं आणि निबंध. एकदा मी कपाटातलं हाताला लागलं ते उचलून आणलं. पुठ्ठा नाही, पानं पिवळी, समासात कुणी कुणी 'वाहवा' लिहून ठेवलेलं. अण्णांनी दोन पानं चाळून भाकडकथा म्हणून बाजूला टाकलं. थोड्या वेळाने बघते तो वहिनी कोठीच्या खोलीत तांदळाच्या कणगीला टेकून ते वाचते आहे आणि इकडे चुलीवर दूध उतू चाललंय. आईने दुधावरून तिला बोल लावले, पण पुस्तक काढून घेतलं नाही. तेव्हापासून अण्णांच्या निबंधाखाली दडवून मी वहिनीची कादंबरी आणायला लागले. अण्णांना ते ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं ते करायचे.

त्या कादंबऱ्या जुन्या, आमच्या आजीच्या वेळच्या. शिकलेली माणसं त्यांना नाकं मुरडायची आणि वाचनालयवाल्यांनी त्या खालच्या कप्प्यात, वाळवीच्या शेजारी ठेवल्या होत्या. त्यांत राजपुत्र असायचे, त्यांचा खांब नाहीतर पोपट करून ठेवणाऱ्या जादूगारणी असायच्या, तोंडात धरली की माणूस दिसेनासा होईल अशी गुटिका असायची, समुद्राच्या तळाशी महाल असायचा आणि त्या महालाच्या गच्चीवर वाट बघत उभी असलेली कुणीतरी असायची. चारशे पानं ताटातूट आणि शेवटची दहा पानं भेट. वहिनी ती चारशे पानं ज्या तन्मयतेने वाचायची, तशी मी आमच्या घरात कुणाला पोथीसुद्धा वाचताना पाहिलेली नाही.

वैशाखात रातांबे उतरले की घरामागच्या पडवीत बायका सोलं, म्हणजे आमसुलं, करायला बसायच्या. रातांबा फोडायचा, बिया काढायच्या, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, वाळली की परत बुडवायची. कंटाळवाणं काम, आणि हात कोपरापर्यंत लाल. त्या वेळी वहिनी गोष्ट सांगायची. सकाळी वाचलेलं दुपारी सांगायचं, रोज थोडं थोडं, आणि राक्षस नेमका दाराशी आला की थांबून म्हणायची, आधी सालं उन्हात घालून या. सालं धावत उन्हात पडायची. आई माजघराच्या दाराशी जपमाळ घेऊन बसायची, ऐकत नसल्यासारखी. एकदा राजकन्येची अंगठी समुद्रात पडली आणि दुसऱ्या दिवशी वहिनी ते विसरून पुढे गेली, तर आतून आईचा आवाज आला, अंगठीचं काय झालं ते सांग आधी. काशीकाकू तर एक दिवस चुकवायच्या नाहीत. त्यांच्या घरी रातांबे नव्हतेच, तरी त्या आमचे फोडायला यायच्या.

दादा, माझा थोरला भाऊ, दिसायला देखणा आणि बोलायला गोड. लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. तिकडे इराकात बसऱ्याला कारकून हवे आहेत, पगार चांगला आहे, म्हणून आमच्या भागातले बरेच जण जात होते, तसा तोही निघाला. लग्नाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. बंदरावर बायकांनी जायची पद्धत नव्हती, वहिनीने त्याला निरोप दिला तो माजघरातूनच. मी तिथेच घुटमळत होते. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो पाणी प्यायला आणि म्हणाला की पुढच्या दिवाळीला येतो, शब्द देतो. वहिनीने तांब्या परत घेतला. वर्षभर पत्रं आली. मग ती दिवाळी आली, गेली, आणि पत्रंही थांबली. अण्णांनी तिथल्या कचेरीला लिहिलं, बसऱ्याहून परत आलेल्यांना गाठून विचारलं. कुणी म्हणे तापाच्या साथीत गेला, कुणी म्हणे नोकरी सोडून आणखी कुठे आत निघून गेला. पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

नवरा असलेल्या बाईने कसं राहायचं ते ठरलेलं असतं, नवरा गेलेल्या बाईनेही. वहिनीसाठी काहीच ठरलेलं नव्हतं. तिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर आळीतल्या बायका कुजबुजायच्या. बोलवलं की ती जायची, ठसठशीत कुंकू लावून, हिरव्या बांगड्या भरून. नाही बोलवलं तर घरी कणगीला टेकून वाचत बसायची. मी तोवर मुलींच्या शाळेत वरच्या वर्गात गेले होते आणि आपल्याला फार कळतं अशा वयात होते. मी तिला सांगायची, वहिनी, आता नव्या कादंबऱ्या निघाल्यात, त्यांत आपल्यासारख्या बायका असतात, खरी दुःखं असतात, त्या वाच. तिने एक वाचलीही, मन लावून वाचली आणि परत दिली.

"चांगली आहे गो," ती म्हणाली, "पण खरं वाचून मी काय करू? खरं रोज चुलीपाशी येऊन बसलेलंच असतं."

"मग त्या जादूटोण्यात असं काय आहे?" मी विचारलं.

"त्यांत शब्द दिला की पाळतात. राक्षससुद्धा पाळतो."

मला आधी वाटलं ती चेष्टा करते आहे. पण तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती... लोक समजायचे की तिला गुटिका आणि महाल खरे वाटतात. वहिनी इतकी भोळी नव्हती. घरातल्या तांदळाचा न मोजता अंदाज बांधणारी बाई ती, पोपटाचा माणूस होत नाही हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण मंत्र म्हटला की दार उघडतं, अशा त्या जगात तोंडातून निघालेल्या शब्दाला वजन असतं. नायक समुद्र ओलांडून येतो, कारण तो येतो म्हणाला होता. दुसरं काही कारण लागत नाही. आमच्याकडे शब्द म्हणजे दारातून परतणाऱ्या पाहुण्याला 'जेवून जा' म्हणावं तसा. म्हणणाराही विसरतो आणि ऐकणाराही. ते न विसरणारं एक जग कुठेतरी आहे, पुठ्ठा फाटलेलं का असेना, ह्या आधारावर ती जगत होती. याला कुणी वेड म्हणत असेल तर शहाणपण कशाला म्हणायचं ते त्यांनी मला सांगावं.

नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग तो गेला असं धरून त्याचा विधी करायचा, ही आमच्याकडची रीत. पळसाच्या देठांचा माणसाएवढा पुतळा बांधायचा, डोक्याच्या जागी नारळ, मग खऱ्या प्रेतासारखा त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे. त्या दिवसापासून त्याची बायको विधवा. बारा वर्षं भरली तेव्हा अण्णांना दम्याने घेरलं होतं. दादा एकुलता एक मुलगा, आपण गेल्यावर त्याचं कोण करणार, ह्या काळजीने ते खंगत चालले होते. आईला तो स्वप्नात दिसायचा, तहानलेला, पाणी मागणारा, आणि सकाळी उठून ती रडायची की माझं पोर अग्नीवाचून भटकतंय. भटजी म्हणाले विधी करा. पण अण्णा न्यायाचे होते. कुंकू सूनबाईचं आहे, ती हो म्हणाल्याशिवाय मी करणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. वहिनी म्हणाली, आणखी एक वर्ष, मामंजी. ते वर्ष गेलं. पुन्हा तेच म्हणाली. एकीकडे आईचे डोळे आणि एकीकडे वहिनीचं कुंकू, आणि मध्ये अण्णा खोकत बसलेले. माझं तोवर लग्न होऊन मी मुंबईला आले होते, पण वैशाखात माहेरी गेले की हे सगळं दिसायचं. काशीकाकू आणि कंपनी म्हणायची, कादंबऱ्या वाचून डोकं फिरलंय, हिला वाटतंय घोड्यावर बसून येईल. सून शहाणी व्हावी म्हणून अण्णांनी वाचनालयाची वर्गणीच बंद केली. माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली तेव्हापासून दरवर्षी मुंबईच्या रद्दीवाल्याकडची दोन-तीन पुस्तकं असायची.

आणि मग एका माघात मला दादा दिसला.

परळला माझी एक नणंद बाळंत झाली होती, तिच्याकडे गेले होते, तिथल्या भाजीबाजारात. एक बाई कडेवर मूल घेऊन वांग्यांचा भाव करत होती आणि तिच्या मागे पिशवी घेऊन, एका मुलीचं बोट धरून दादा उभा होता. सुटला होता, केस विरळ झाले होते, पण माझ्या भावाला मी ओळखणार नाही का? त्यानेही मला ओळखलं. बाईला आणि मुलीला पुढे पाठवून तो माझ्यापाशी आला. बसऱ्याहून तो कधीच परत आला होता. तिथे वारलेल्या एका सोबत्याचं सामान पोचवायला म्हणून त्याच्या बायकोकडे गेला आणि तिथलाच झाला. हे सांगताना तो भाजीच्या पिशवीकडे बघत होता. येणारच होतो गो, म्हणाला, एक दिवाळी चुकली, मग लाज वाटायला लागली, मग लाजेचीच सवय झाली. मला वाटलं होतं मी त्याच्या गळ्यात पडेन, किंवा त्याला चार माणसांत झोडपून काढीन. दोन्ही झालं नाही. विधीचं मी त्याला सांगितलं. त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "ती कशी आहे?"

"कुंकू लावते," मी म्हटलं.

अण्णांना सांगू नकोस, एवढं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. मी त्याला कसलाही शब्द दिला नाही आणि मिळाली त्या बोटीने रत्नागिरी गाठली.

ओटीवर उभं राहून मोठ्याने सांगायचं, असं मी ठरवूनच गेले होते. दादा जिवंत आहे, विधी नको, माझ्या वहिनीला कुणी हात लावायचा नाही. पण आधी ते वहिनीला कळायला हवं होतं. ती मागे आगरात होती, पोफळींना पाणी सोडत. चारचौघांत ती मला 'वन्सं' म्हणायची, दोघीच असलो की 'कुसू'. त्या दिवशी माझं तोंड बघूनच तिने हातातला पोहरा खाली ठेवला. मी एका दमात सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मुलं आहेत का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, दोन, मुलगी मोठी. पाटाचं पाणी एका आळ्यातून भरून वाहायला लागलं तरी ती तशीच उभी. मग म्हणाली,

"म्हणजे कुणी अडवलं नव्हतं त्यांना."

इतकी वर्षं तिने मनात काय काय उभं केलं असेल, ते मला त्या एका वाक्यात दिसलं. आजार, तुरुंग, बुडालेली बोट, वाट चुकलेला माणूस. तिच्या पुस्तकांत अडवणारं कुणीतरी नेहमी असायचं. परळच्या बाजारात कुणी जादूगारीण नव्हती. रत्नागिरीला बोट रोज येत होती. मी तिचा हात ओढला, म्हटलं चल, आत जाऊन सांगू, निदान विधीचं तरी संपलं. तिने हात सोडवून घेतला.

"नको गो, कुसू. विधी होऊ दे."

 ती इतक्या हळू बोलत होती की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"मी ज्यांची वाट बघत होत्ये ते गेलेच ना? त्यांना अग्नी नको मिळायला? आणि सासूबाईंना मुलगा मेलेला सोसेल. असा जिवंत सोसायचा नाही त्यांना."

मी विचारलं, आणि तुझं काय? ती म्हणाली, माझं मी बघत्ये. मग मला तिने तुळशीपाशी नेऊन शपथ घ्यायला लावली, अण्णा आणि आई असेपर्यंत कुणाला सांगायचं नाही आणि ती असेपर्यंतही नाही. मी घेतली. आज ते तिघंही नाहीत. दादाचं नाव आणि पत्ता मी इथे लिहिलेला नाही, पण वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीसाठी मी हे लिहिते आहे ती तो राहतो तिथेही जाते. वाचली तर वाचू दे.

त्याच संध्याकाळी तिने अण्णांना सांगितलं की भटजींना बोलवा. जी बाई नवरा मेला असेल ह्या भीतीने इतकी वर्षं नाही म्हणत होती, ती तो जिवंत आहे म्हणून हो म्हणाली. अण्णांना हे ठाऊक नव्हतं. ते लहान मुलासारखे रडले आणि सुनेची क्षमा मागायला लागले. काशीकाकू म्हणाल्या, चला, शेवटी डोकं ताळ्यावर आलं.

विधीच्या दिवशी अंगणात तो पुतळा ठेवला होता. देठांवर दादाचं जुनं उपरणं पांघरलेलं, वर शेंडीचा नारळ. आई त्या नारळावरून हात फिरवत होती, बाळ गो माझं, म्हणत होती, तिला दोघींनी धरलं होतं. त्या दोघींतली एक मी. ह्या घटकेला तो परळला जेवायला बसला असेल, हे मनात येत होतं आणि मी आईची पाठ चोळत होते. असं दुःख मी आधी पाहिलं नव्हतं, पुन्हा बघायचं नाही. खोटं प्रेत आणि खरं रडणं. पुरुष पुतळा घेऊन समुद्राकडच्या स्मशानात गेले. अण्णा धापा टाकत, मडकं घेऊन पुढे. इकडे बायकांनी वहिनीला मागच्या पडवीत नेलं, सोलं करायला बसायच्या त्याच पडवीत, आणि बांगड्या फोडल्या. केस मात्र राखले, एवढी सुधारणा आमच्या घरात आली होती. कुंकू पुसायला काशीकाकूंनी हात पुढे केला तेव्हा वहिनीने तो बाजूला सारला आणि ओल्या पदराने स्वतःच पुसून टाकलं. रडली नाही. बघा, अजून हिला पटलेलं नाही, असं कुणीतरी म्हणालं.

त्यानंतर आईला दादा स्वप्नात दिसला नाही. अण्णा वर्षाच्या आत गेले, पण शांतपणे गेले. मुलाचं करून गेलो, हे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आई पुढे थोडी वर्षं राहिली. दोघांचं हगणंमुतणं वहिनीने काढलं. रातांब्यांच्या दिवसांत गोष्टीही ती सांगत राहिली. विधवा बाईच्या तोंडी शृंगाराची वर्णनं शोभत नाहीत म्हणून काहींनी यायचं सोडलं, पण त्यांच्या मुली यायला लागल्या. एका वैशाखात मी मुद्दाम ऐकायला बसले. मला वाटलं होतं की आता तिच्या गोष्टी बदलल्या असतील, नायक बुडत असतील, विसरत असतील. तसं काही नव्हतं. उलट शेवटची भेट ती आता पूर्वीपेक्षा जास्त रंगवून सांगायची. मी न राहवून विचारलं की वहिनी, अजून ते परत कसे येतात? तिने रातांबा फोडला, बिया काढल्या.

"गोष्टीतल्यांनी काय केलंय गो?" ती म्हणाली. "ते येतातच."

दादाचं नाव तिने त्या दिवसानंतर कधी काढलं नाही. मीही नाही. ती वाळत मात्र गेली, दरवर्षी थोडी थोडी. अंगावरचं पांढरं लुगडं जास्त आणि वहिनी कमी, असं होत गेलं. आई गेल्यावर घरात तिला मायेने हाक मारायला कुणी उरलं नाही. ताप आला तो साधाच होता, असं चुलतभाऊ म्हणाला. दोन दिवस तिने कुणाला सांगितलंच नाही.

ह्या खेपेला गेले तेव्हा तिची कोठीची खोली झाडून घेतली. काढण्यासारखं काही नव्हतंच. दोन लुगडी, एक घोंगडी, आणि कणगीच्या मागे पुस्तकांची चळत, मी आणलेली आणि वाचनालयाची परत करायची राहिलेली. चुलतभावाच्या बायकोने बंबात घालायला म्हणून ती बाहेर काढून ठेवली. मी निघायच्या दिवशी काशीकाकू आल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि जाळणारच असाल तर मला द्या हो, दुपारी वेळ जात नाही, असं म्हणाल्या. मी दिली. पदराखाली झाकून त्या ती घेऊन गेल्या. मला हसू आलं नाही.

आता राहिलं एकच. नवऱ्याला बायकोचं सुतक असतं. बातमी कुठेही, केव्हाही कळली तरी आधी उठून अंगावरून पाणी घ्यायचं असतं. हे त्याला सांगणारं माझ्याशिवाय जगात कुणी नव्हतं. मी त्याचं तोंड बघणार नव्हते, पण वहिनीचा तेवढा हक्क बुडू द्यायचा नाही असं वाटलं, आणि गेल्या रविवारी सकाळी त्याचा पत्ता शोधत गेले. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. त्याची बायको चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, तिने मला बसायला पाट दिला, चहाचं आधण ठेवलं. मी कोण, तिला ठाऊक नव्हतं. त्याने गाववाली म्हणून सांगितलं. तिचा काही दोष नाही, तिलाही कुणी काही सांगितलेलं नसणार. मुलगी खिडकीत बसून वेणी घालत होती. मी त्याला हलक्या आवाजात म्हटलं, "वहिनी गेली. कार्तिकात."

 कशाने, कधी, त्याने काही विचारलं नाही.  मग उठला, कोपऱ्यातल्या मोरीत गेला आणि अंगातल्या सदऱ्यासकट डोक्यावर पाणी ओतायला लागला, तांब्यामागून तांब्या.

"अहो, आत्ताच तर आंघोळ झाली," त्याची बायको चुलीपासून म्हणाली. "एवढ्या थंडीत परत काय हे?"

"उकडतंय," दादा म्हणाला.

पौष चालू होता. तो तसाच आमच्याकडे पाठ करून उभा राहिला, कपडे निथळत होते, खांदे हलत होते आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. स्वतःच्या घरात त्याला रडायलाही जागा नव्हती. माझा राग तिथे संपला. मला त्याची दया आली, पण ती परक्या माणसाची यावी तशी. चहा न घेताच मी उठले. जिना उतरताना अण्णा डोळ्यांसमोर आले, मडकं घेऊन धापा टाकत चाललेले. इतकी वर्षं मी मनात म्हणत होते की त्या दिवशी आम्ही त्या म्हाताऱ्याला फसवलं. फसवलं नव्हतं. त्यांनी अग्नी दिला तो बरोबर माणसालाच.